घाना, टोगो, बेनिन: लहान गटाबरोबर जावं का, आणि गेल्यावर कसं बघावं?

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी,

जानेवारीत मी आणि नवरा पश्चिम आफ्रिकेला जायचं म्हणतोय. बारा जणांचा गट, पंधरा दिवस. घानात सुरुवात, मग टोगो, मग बेनिन. घानात आक्रा, केप कोस्ट, कुमासी, टोगोत लोमे, कुतामाकू, बेनिनमध्ये अबोमे, गांविए, विदा अशी ठिकाणं आहेत. वन्यप्राणी जवळजवळ नाहीतच. गुलामांचे किल्ले, विणकरांची गावं, राजवाडे, मुखवट्यांचे नाच आणि वोदून या तिथल्या पारंपरिक धर्माची देवळं.

व्यवहाराच्या शंका आहेतच. आम्ही दोघंही शाकाहारी, फ्रेंचचा गंध नाही, माझे गुडघे दुखतात. पण खरी अडचण वेगळी आहे. माझं माहेर सासवडचं. माउलींची पालखी मुक्कामाला आली की आमच्या ओसरीवर वारकरी उतरायचे, अजूनही उतरतात. मी नववीत असताना आजी एका वारकरी बाईच्या तळपायांना तेल चोळत बसली होती. एक परदेशी गृहस्थ सरळ आत आला. ना हाक, ना नमस्कार. आजीच्या तोंडापासून हातभर अंतरावर कॅमेरा धरून चार-पाच फोटो काढले आणि निघून गेला. आजी काही बोलली नाही. पदर तेवढा पुढे ओढून घेतला. तो पदर मला आजही दिसतो.

आता सहलीच्या पत्रकात "गावात मुखवटा-नृत्य, छायाचित्रणाची उत्तम संधी" असं वाचलं आणि पोटात कालवलं. मी तिकडे जाऊन कुणाच्या तरी आजीला पदर ओढायला लावणार का? जाऊन आलेल्यांनी, तिथे राहिलेल्यांनी मनापासून सांगा.

नकाशावाला

छान धागा. वाचतोय.

स्टेथो

आधी लस. तिन्ही देशांसाठी पिवळ्या तापाची लस लागते. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या, त्याआधी प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत. परत येतानाही ते पिवळं कार्ड हाताशी ठेवा, नाहीतर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, म्हणून जपून ठेवा. वय साठीच्या पुढे असेल तर लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. या वयात पहिल्यांदाच लस घेताना जास्त काळजी घ्यावी लागते. मलेरिया तिथे बारमाही आहे. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या हेही आपल्या डॉक्टरांनाच विचारा, ओळखीच्या माणसाची चिठ्ठी वापरू नका.

लोमेकर

ताई, मी सूतगिरणीच्या यंत्रांच्या कामानिमित्त लोमेत अकरा वर्षं काढली. तुमच्या आजीची गोष्ट वाचून हातातला चहा खाली ठेवला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिकडच्या लोकांनीच देऊन ठेवलंय, आणि ते म्हणजे आधी नमस्कार. तिथे दुकानात शिरून थेट "हे केवढ्याला?" विचारणं उद्धटपणा समजतात. आधी विचारपूस करायची. तुम्ही कसे, घरचे कसे, झोप झाली का? एका ओळखीच्या आजी कामाचं बोलायच्या आधी माझ्या आईच्या सांधेदुखीपर्यंत पोचायच्या. घानात आक्वाबा म्हणजे या, बसा. आभाराला मेदासे. टोगोत एवे भाषेत आक्पे. हे तीन शब्द आणि उजवा हात एवढ्यावर तुमची अर्धी सहल पार पडेल. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नका. आपल्याला हे शिकवावंच लागत नाही, आजीने हातावर चापट मारून शिकवलेलंच असतं.

कॅमेऱ्याचं सांगतो. पहिले दोन दिवस तो पिशवीतून काढूच नका. दहा जणांच्या गटात एकाने काढला की सगळे काढतात, आणि कुणीच काढला नाही तर वेळ गप्पांत जातो.

पहिला_पाऊस

मला गटसहलच पटत नाही. बारा जण एका गाडीतून उतरणार, वाटाड्या टाळ्या वाजवून गोळा करणार, वीस मिनिटं देणार. मी मागच्या वर्षी एकटी आक्रा ते कोतोनू गेले, तेही घानातल्या ट्रोट्रो म्हणजे वडापसारख्या गाड्यांनी आणि बेनिनमधल्या झेमीजान या मोटरसायकल टॅक्सीने. खरा देश तिथेच भेटला.

लोमेकर

@पहिला_पाऊस, तुमच्या हिमतीला सलाम. पण ताईंचे गुडघे आणि झेमीजान हे गणित जमत नाही. शिवाय कुतामाकू, अबोमे अशा ठिकाणी चांगला स्थानिक दुभाष्या नसेल तर आपण नुसत्या मातीच्या भिंती बघून येतो. बाताम्मारिबा लोकांची घरं, म्हणजे ताकियेंता, लांबून मातीच्या बुरुजासारखी दिसतात. खालच्या मजल्यावर गुरं, वर धान्याची कणगी आणि झोपायची जागा, दाराशी पूर्वजांचे छोटे मातीचे उंचवटे. घर हे शरीर आहे असं ते मानतात आणि तसंच बोलतात. कोणी सांगितलं नाही तर माणूस त्या उंचवट्याला टेकून फोटो काढतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. घरमालकाच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

कुतामाकू २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जा, पण उत्तरेच्या वाटेवर जायच्या आठवड्यात सुरक्षेची सूचना नक्की बघा. टोगोच्या अगदी उत्तरेचा सवान प्रांत आणि बेनिनमधलं पेंजारी अभयारण्य या भागात काही वर्षांपासून सशस्त्र गटांचा त्रास आहे. २०१९ मध्ये पेंजारीतून दोन फ्रेंच पर्यटकांचं अपहरण झालं होतं. आयोजक जर "काही होत नाही हो" म्हणून उडवून लावत असेल तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

तिखटमीठ

खाण्याचा विषय माझा! मी नवऱ्याच्या नोकरीमुळे आक्रात चार वर्षं होते.

घानात 'रेड रेड' मागा. चवळीची उसळ, लाल पामतेलात, सोबत तळलेलं पिकलं राजेळीसारखं केळं. केलेवेले म्हणजे आलं-मिरची लावून तळलेले केळ्याचे तुकडे, संध्याकाळी रस्त्याच्या कडेला मिळतात. वाचे हा चवळी-भात असतो, तो ज्वारीच्या पानांसोबत शिजवतात म्हणून तांबूस होतो. कोंतोमिरे म्हणजे अळूच्या जातीच्या पानांची भाजी. पहिला घास घेतला आणि मला श्रावणातलं फदफदं आठवलं. फक्त एक काळजी घ्या. या सगळ्यात सुकट किंवा भाजलेली मासळी सर्रास पडते, आणि ती घातली तरी तिथे पदार्थ "मांसाहारी" होत नाही. शितो नावाच्या काळ्या चटणीत तर असतेच. "मांस नको" म्हणून थांबू नका, "मासेही नको, सुकटीची पूडही नको" असं सांगा.

उपास असेल तर गारी आहे. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच किसून, आंबवून, भाजून केलेला रवा. पाण्यात भिजवून साखर, दूध, शेंगदाणे घालून शाळकरी मुलं खातात. माझी एकादशी चार वर्षं गारीवर झाली.

कापूसकोंडा

गारीवर एकादशी! हे आवडलं.

मी वस्त्रांच्या बाजूने लिहितो. कुमासीजवळ बोनविरे गावात केंते विणतात. चार बोटं रुंदीची लांबच लांब पट्टी विणायची आणि मग अशा पट्ट्या शेजारी शेजारी शिवून अख्खं वस्त्र करायचं. ताणा समोर जमिनीवर दूरवर पसरलेला असतो, त्याच्या टोकाला दगड ठेवलेला, आणि विणकर तो हळूहळू स्वतःकडे ओढत राहतो. येवल्यात पैठणीच्या मागावर बसलेल्या माणसाच्या मानेची जी ठेवण असते, तीच तिथेही दिसली. प्रत्येक नक्षीला नाव असतं आणि बरीचशी नावं म्हणजे म्हणीच. दुकानात घाई न करता "याचं नाव काय?" एवढं विचारा, विणकर खुर्ची पुढे सरकवतो. शेजारच्या न्तोन्सोत आदिंक्रा. भोपळ्याच्या कवचात कोरलेले ठसे आणि झाडाच्या सालीचा काढा आटवून केलेला काळा रंग.

लोमेच्या बाजारात जे झगझगीत मेणछाप कापड मिळतं त्याची गोष्ट तर जगाला वळसा घालून येते. जावातल्या बाटिकची नक्कल हॉलंडच्या गिरण्यांनी यंत्रावर सुरू केली आणि तिला खरं गिऱ्हाईक पश्चिम आफ्रिकेत मिळालं. त्या व्यापाराची सूत्रं टोगोच्या बायकांच्या हाती होती. इतका पैसा कमावला की लोमेत मर्सिडीज त्याच फिरवायच्या, म्हणून त्यांना नाना बेंझ म्हणत. कोणत्या नक्षीला काय नाव द्यायचं हेही त्याच ठरवायच्या, आणि नाव लागलं तरच कापड खपायचं.

विवेकवाट

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. मी वीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. २०१३ मध्ये आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला तो किती किंमत मोजून, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा लोमेच्या अकोदेसेवा बाजारात वाळलेली माकडांची डोकी, सुसरीच्या कवट्या "औषध" म्हणून विकतात आणि आपण ते "संस्कृती" म्हणून कौतुकाने बघायचं, हे मला जमणार नाही. आपल्या गावात भगताने असलं काही मांडलं तर आपण तक्रार करू. आफ्रिकेत ते सुंदर कसं होतं?

लोमेकर

विवेकवाट, राग कसला. हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता.

अकोदेसेवा खरंच आहे, आणि मला स्वतःला तिथे कधी बरं वाटलं नाही. दुर्मिळ प्राण्यांचा जीव जातो तो तर मुद्दा आहेच. पण तो बाजार म्हणजे वोदून नव्हे. आपल्याकडचा एखादा ताईत-अंगाऱ्यांचा ठेला म्हणजे वारकरी संप्रदाय नव्हे, तसंच. वोदूनमध्ये मावू-लिसा हे सृष्टीचं मूळ जोडपं आहे, गडगडाटाचा हेव्हिओसो आहे, जमिनीचा आणि देवीच्या रोगाचा साक्पाता आहे. साक्पाताचं नाव लोक दबकून घेतात. आपल्या शितळादेवीची आठवण होते की नाही? फा नावाचं कौल लावायचं शास्त्र आहे, त्याची पाठांतरं शिकायला वर्षं लागतात. १० जानेवारीच्या सुमारास बेनिनमध्ये वोदूनची राष्ट्रीय सुट्टी असते. ताईंची सहल नेमकी तेव्हाच असेल तर विदात पाय ठेवायला जागा मिळणार नाही, पण गावंच्या गावं आपापली निशाणं घेऊन किनाऱ्याकडे निघालेली बघायला मिळतील.

आणि एक गोष्ट. टोगोतल्या आनेहोजवळ एका घरातल्या देवघरात मला नेलं होतं. मामी वाता या पाण्याच्या देवतेचं ठाणं होतं. भिंतीवर चक्क आपले दत्तगुरू! तीन शिरं, सहा हात, चार कुत्री, गाय. आपलंच छापील कॅलेंडर. त्या पुजारीणबाई म्हणाल्या, हा डेन्सू, पाण्याचा देव. भारतीय व्यापाऱ्यांच्या दुकानांतून अशी चित्रं तिथे पोचली आणि तिथल्या लोकांनी त्यांत आपले देव ओळखले. मामी वाताचं जे सगळ्यात प्रसिद्ध चित्र आहे, अंगावर साप घेतलेल्या मोकळ्या केसांच्या बाईचं, ते मुळात जर्मनीतलं. १९५५ मध्ये त्याच्या प्रती आपल्या मुंबईत छापून घानात पोचल्या. मी औदुंबरला दर वर्षी जाणारा माणूस. तिथे हात आपोआप जोडले गेले. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्यानंतर त्यांच्या घरी मी परका राहिलो नाही.

कऱ्हाकाठ

लोमेकर, अंगावर काटा आला. आमच्या देव्हाऱ्यातही दत्तच आहेत.

विवेकवाट

हे मला माहीत नव्हतं. माझा बाजाराबद्दलचा आक्षेप कायम ठेवतो, पण बाजार आणि धर्म एकाच मापाने मोजले ही माझी चूक. कळकळीने एवढंच सांगेन: ताई, आयोजकाला ते ठिकाण वगळायला सांगा. पर्यटकांनी फोटोचे पैसे मोजले की तेवढ्यासाठी आणखी डोकी मांडली जातात.

मांडवीपार

मी गोव्याचा. घानातला एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या सोळा वर्षं आधी. आमच्याकडचे किल्ले पाहत मोठा झालो, त्यामुळे एल्मिनाच्या दारात उभा राहिलो तेव्हा कमानी, पांढरा चुना, समुद्राचा वास सगळं ओळखीचं वाटलं. आणि मग आतली कोठडी. ओळखीच्या भिंतीआड तसलं काही असावं, हे मी अजून पचवू शकलेलो नाही.

विदात आणखी एक धक्का बसला. तिथे डिसोझा आडनावाचं मोठं घराणं आहे. त्यांचा मूळपुरुष फ्रान्सिस्को फेलिक्स डिसोझा ब्राझीलहून आलेला, गुलामांचा बडा व्यापारी, १८४९ मध्ये विदातच वारला. माझ्या आईचं माहेरचं आडनाव तेच. नातं काही नाही, सत्तेने वाटलेली आडनावं ती. तरी वाटाड्याने "तुमच्याकडेही हे नाव असतं का?" विचारलं तेव्हा उत्तर द्यायला वेळ लागला. ब्राझीलमधून सुटून परत आलेल्या गुलामांचीही तिथे अशीच पोर्तुगीज आडनावं आहेत. विकणाऱ्याचे आणि विकल्या गेलेल्यांचे वंशज एकाच गावात, एकाच चर्चमध्ये. पोर्तो-नोव्होची जुनी मोठी मशीद बघा, ती ब्राझिलियन चर्चसारखी दिसते, कारण बांधणारे हात तिकडे शिकून आलेले.

रानवारा

आपले सिद्दीही तिथलेच ना? जंजिऱ्याचे?

नकाशावाला

नाही. सिद्दी पूर्व आफ्रिकेतून आले, मलिक अंबर तर इथिओपियाचा. हे सगळं उलट्या बाजूच्या किनाऱ्याबद्दल चाललंय. पश्चिमेकडची माणसं अटलांटिकपार अमेरिकेत, कॅरिबियनमध्ये, ब्राझीलमध्ये नेली.

पण आपला एक धागा तिथे गुंतला आहे, तो म्हणजे कवडी. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या भारताच्या बंदरांतून युरोपी जहाजांवर चढायच्या आणि पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून उतरायच्या. विदाच्या बाजारात माणसं कवड्यांच्या मोलाने विकली गेली. घानाच्या आजच्या चलनाचं नाव सेदी, ते तिथल्या अकान भाषेतल्या कवडीसाठीच्या शब्दावरूनच आलंय. आपण सहज "कवडीमोल" म्हणतो.

कापूसकोंडा

तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ, आणि बेनिनमध्ये फा सांगणाऱ्याच्या पाटाजवळ कवड्या. हे मी दोन्ही पाहिलंय. कवडीमोल हा शब्द मात्र आता जिभेवर येताना अडखळेल.

तिखटमीठ

किल्ल्यांविषयी माझी एकच विनंती. एल्मिना आणि केप कोस्ट एकाच दिवशी करू नका. पत्रकात तसं असेल तर बदलून घ्या. आमच्या पहिल्या भेटीत आयोजकाने (नाव घेत नाही) सकाळी एक, दुपारी दुसरा आणि मध्ये समुद्रकिनारी जेवण ठेवलं होतं. केप कोस्टला पुरुष कैद्यांच्या तळघरांच्या बरोब्बर वर प्रार्थनाघर होतं. खाली शेकडो माणसं अंधारात आणि वर स्तोत्रं. तिथून बाहेर येऊन ताटावर बसायचं? आमच्यातल्या एका बाई जेवल्याच नाहीत, दिवसभर बोलल्या नाहीत.

दुसऱ्यांदा गेले ती फक्त नवऱ्याबरोबर. आधी आतल्या भागात आसिन मान्सोला गेलो. उत्तरेकडून चालवत आणलेल्या लोकांना किनाऱ्यावर नेण्याआधी ज्या ओढ्यात शेवटची अंघोळ घालत, तो ओढा तिथे आहे. झाडी, शांतता, अनवाणी जायचं. १९९८ मध्ये जमैका आणि अमेरिकेतून दोन गुलामांचे अवशेष केप कोस्टच्या त्या 'परत न येण्याच्या' दारातून आत आणून इथे पुरले. ते दार आता बाहेरच्या बाजूने 'परतीचं दार' आहे, तशी पाटी लावलीय. ज्या दिशेने माणसं चालली त्याच दिशेने आपण गेलो की किल्ला वेगळा कळतो. आमच्यासोबत अमेरिकेहून आलेलं एक कृष्णवर्णीय कुटुंब होतं. आजोबांनी ओढ्यात हात बुडवला आणि नातीच्या कपाळाला लावला. आम्ही मागे उभे राहिलो. त्या क्षणी आपण बाजूला होणं एवढंच आपलं काम होतं.

पहिला_पाऊस

ताई, हे वाचून बरं वाटलं. माझ्या पहिल्या प्रतिसादात घाई झाली. एकटं जाण्यापेक्षा कुठे किती थांबलो ते महत्त्वाचं. मीही एल्मिना तासाभरात उरकलं होतं.

रानवारा

विषय थोडा हलका करू का? घानात वारावरून नाव असतं म्हणतात ते खरं?

तिखटमीठ

शंभर टक्के! शुक्रवारचा मुलगा कोफी (कोफी अन्नान), शनिवारचा क्वामे (क्वामे न्क्रुमा, ज्यांच्या नेतृत्वाखाली ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला). रविवार क्वासी, सोमवार कोजो, मंगळवार क्वाबेना, बुधवार क्वाकू, गुरुवार याव. मुलींची नावं अकोसुआ, अज्वोआ, अबेना, अकुआ, याआ, अफिआ, आमा, रविवारपासून शनिवारपर्यंत. जन्मवार शोधून ठेवा, आक्रात उतरल्यावर पहिल्या तासात कोणीतरी विचारणारच.

स्टेथो

मी गुरुवारचा. याव डॉक्टर!

मांडवीपार

कोजो हजर.

कऱ्हाकाठ

आईला फोन करून विचारलं. मी गुरुवारची, म्हणजे याआ. नवरा मंगळवारचा, क्वाबेना. तो सकाळपासून त्याच नावाने हाक मारायला सांगतोय.

नकाशावाला

याआ हे मोठं नाव आहे, ताई. याआ असांतेवा. १९०० साली ब्रिटिश गव्हर्नरने कुमासीकडच्या असांते लोकांचं सोन्याचं आसन स्वतःला बसायला मागितलं. त्या आसनावर खुद्द राजाही बसत नाही, त्यात सगळ्या लोकांचा आत्मा आहे अशी श्रद्धा. पुरुष सरदार चुळबुळत असताना एजिसूची ही राजमाता उभी राहिली आणि युद्धाचं नेतृत्व केलं. तिला सेशेल्स बेटांवर हद्दपार केलं, १९२१ मध्ये ती तिथेच वारली. आसन मात्र ब्रिटिशांच्या हाती कधीच लागलं नाही. कुमासीच्या मान्हिया राजवाड्यात दर सहा आठवड्यांनी एका रविवारी आक्वासिदाए उत्सव असतो, राजा दरबार भरवतो. आयोजकाला तारीख जुळवायला सांगा.

कापूसकोंडा

आणि बेनिनमध्ये अबोमेचे, दाहोमी राज्याच्या राजांचे राजवाडे. मातीच्या भिंतींवर उठावाची रंगीत चित्रं, प्रत्येक राजाचं चिन्ह: गेझोची म्हैस, ग्लेलेचा सिंह, बेहांझिनचा शार्क. तीच चिन्हं कापडाचे तुकडे कापून, शिवून ठिगळकामात उतरवतात, आजही तिथे पुरुष कारागीर ते करताना दिसतात. फ्रेंचांनी १८९० च्या दशकात अबोमेहून लुटलेल्या २६ वस्तू नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅरिसहून बेनिनला परत आल्या, कायमच्या. पुढच्या वर्षी कोतोनूत त्या मांडल्या तेव्हा बघायला रांगा लागल्या. साताऱ्यात २०२४ ला वाघनखं आली तेव्हा मी मुलाला घेऊन रांगेत होतो. आपल्याकडे ती काही काळासाठी आलीत, त्यांच्याकडे घरी आली. तो फरक मला टोचतो.

एक खुलासा, कारण गोंधळ होतो: प्रसिद्ध बेनिन ब्राँझ नायजेरियातल्या बेनिन शहराची आहेत. तुम्ही जाताय त्या बेनिन देशाचं नाव १९७५ पर्यंत दाहोमी होतं.

मांडवीपार

गांविएबद्दल कोणी लिहिलं नाही. नोकुए सरोवरात खांबांवर उभं गाव. गुलाम पकडणाऱ्यांपासून पळून लोक पाण्यात आले. दाहोमीच्या सैनिकांना धर्माने पाण्यात जाऊन लढायला बंदी होती असं सांगतात. मला रस तिथल्या मासेमारीत होता. झाडांच्या फांद्या सरोवराच्या तळात दाट रोवायचे, त्यात मासे आसरा घ्यायला आणि वाढायला यायचे, मग भोवती जाळं टाकायचे. याला आकाजा म्हणतात. बायका होड्यांतून भाजी विकतात आणि कॅमेरा दिसला की रुंद टोपी पुढे ओढतात. कऱ्हाकाठ, तुमचा पदरच तो. आमचा होडीवाला वल्हवता वल्हवता म्हणाला, "इथे माल विकत घ्या, चेहरा नको." मी अननस घेतले. मग त्या बाईंनीच टोपी मागे केली आणि माझा हिशोब चुकला तेव्हा हसल्या.

रानवारा

आणि ते गवताच्या गंजीसारखे गोल गोल फिरणारे? आत माणूस असतो ना?

लोमेकर

झांगबेतो. रात्रीचे राखणदार, पोर्तो-नोव्हो भागातले. आत माणूस नसतो, शक्ती असते असं गाव मानतं. नाच संपल्यावर गंजी उलटी करून आत कोणी नाही असं दाखवतातही. रानवारा, आपल्याकडे गोंधळात देवी अंगात येते तेव्हा पाहुण्याने मोठ्याने विचारलं "हे नाटक आहे का?" तर कसं वाटेल, तेवढं लक्षात ठेवून तिथे बसायचं. घरी आल्यावर हवी तेवढी चर्चा करू.

विवेकवाट

मान्य. प्रश्न विचारायची जागा आणि वेळ असते, हे आम्हाला कामातही शिकावं लागलं.

स्टेथो

बेनिनमध्ये शाकाहारींसाठी वागासी नावाचं ताजं चीज मिळतं ना? कोणीतरी पनीरसारखं म्हणालं होतं.

तिखटमीठ

हो! फुलानी गुराखी बायका करतात. दूध रुईच्या चिकाने फाडतात, तीच रुई जी आपण शनिवारी मारुतीला वाहतो. वर ज्वारीच्या रंगाने लाल करतात. तळून, टोमॅटोच्या रश्श्यात. घरी प्रयोग करू नका, कच्चा चीक विषारी असतो, त्यांचं प्रमाण आणि शिजवणं पिढ्यांचं आहे. आणि टोगोतून बेनिनमध्ये शिरताना घड्याळ एक तास पुढे करा, आमची एकदा बस चुकली होती.

कऱ्हाकाठ

मंडळी, तीन दिवसांनी येतेय.

आयोजकांशी सविस्तर बोलले. हा धागा वाचून केलेली यादीच समोर ठेवली. अकोदेसेवा वगळलं. आधी आसिन मान्सो, मग केप कोस्ट, आणि त्या दिवशी दुसरं काही नाही. एल्मिना दुसऱ्या दिवशी सकाळी. कुतामाकूचा निर्णय त्या आठवड्यातली परिस्थिती बघून, आणि तसं त्यांनी लिहून दिलं. "छायाचित्रणाची उत्तम संधी" हे वाक्य पत्रकातून काढायला सांगितलं. समोरच्या मुलीने विचारलं, मग तिथे काय लिहू? मी म्हटलं, लिहा, "गावात दुपार. गावाने बोलावलं तर नाच."

आनेहोच्या त्या पुजारीणबाईंकडे जाता येईल का, लोमेकर? गट नको. आम्ही दोघंच. देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या फोटोची एक प्रत न्यावी असं मनात आहे, पण असं काही नेणं तिथे योग्य आहे का ते आधी सांगा.

लोमेकर

योग्य आहे, पण भेट म्हणून थेट हातात देऊ नका. आधी बसा, पाणी घ्या, विचारपूस होऊ द्या. त्या स्वतः तुमच्या देवाबद्दल विचारतील. मग दाखवा, उजव्या हाताने. मी आज संध्याकाळी तिकडच्या मित्राला फोन करून त्या अजून तिथेच असतात का ते विचारतो आणि तुम्हाला निरोप पाठवतो.